‘भो’ कुठला, आणि आजी ‘मठारत बसू नकोस’ का म्हणायची

नाशिकची, पण आता नोकरीनिमित्त पुण्यात असलेल्या एका मुलीनं विचारलं आहे: “बोलता बोलता माझ्या तोंडून ‘भो’ जातं आणि ऑफिसातले हसतात. कुणी सांगतं की हा संस्कृतमधला ‘भोः’ आहे. खरं काय? ‘राडा’, ‘झोल’, ‘भंगार’ हे शब्द आपले, की मुंबईच्या हिंदीतून आलेले? आणि माझी आजी सारखी म्हणायची, ‘आता मठारत बसू नकोस.’ हा शब्द इथं कुणालाच माहीत नाही. अशा शब्दांचं मूळ शोधायचं कसं?”

आधी आजीचा शब्द घेते. तुम्ही विचारलेल्यांत सगळ्यांत मोलाचा तोच आहे, आणि बाकीच्यांकडे कसं बघायचं तेही तोच शिकवतो.

मठारणं हा तांबटांचा शब्द. जुन्या नाशकात तांबट लेनच्या आसपास ज्यांचं बालपण गेलं त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. ठक्, ठक्, ठक्, मध्ये उसंत म्हणून नाही. हंडा घडवून झाला, गळा आणि बूड जोडून झालं, की कारागीर तो लोखंडी खुंटावर घालतो आणि छोट्या हातोडीनं वरपासून खालपर्यंत ठोकत जातो. एक ठोका आधीच्या ठोक्याला खेटून. हंडा बोटभर फिरवायचा, ठोका घालायचा. पुन्हा बोटभर, पुन्हा ठोका. भांड्यावर ओळीनं उमटलेल्या त्या चकचकीत टिकल्या म्हणजे मठारकाम. त्यानं पत्रा कणखर होतो, भांड्याला सहजी पोचा पडत नाही आणि तांबं झळाळतं. पण हे काम वेळखाऊ. दारात उभ्या गिऱ्हाइकाला दिसतं की हंडा तर झालाय, मग हा आणखी किती वेळ ठोकत बसणार? घरातलं ‘मठारणं’ तिथून आलं. बोलून झालंय, ठरून झालंय, तरी तेच ते घोळवत राहायचं. म्हणजे आजी तुम्हाला नुसतं ‘उशीर करू नकोस’ असं सांगत नव्हती. ती म्हणत होती, हंडा झालाय, आता ऊठ.

मी सत्तावीस वर्षं कोशाच्या कामात आहे आणि त्यातला बराच काळ नाशिक जिल्ह्यातली बोली टिपण्यात गेला. एवढ्या काळात एक गोष्ट मनात पक्की बसली. ज्यांना आपण उनाड किंवा गावंढळ शब्द म्हणतो त्यांतले पुष्कळ एके काळी कामावर होते. कुठल्यातरी धंद्यात, मळ्यात, घाटावर त्यांना नेमका आणि साधा अर्थ होता. काम सुटलं, शब्द चौकात आला आणि तिथं त्याला नवं वळण लागलं. म्हणून मूळ हवं असेल तर शब्द कुठं कामाला होता तिथं जावं लागतं. ‘टपोरी’चंच बघा. शहरात हा शब्द ऐकला की नाक्यावरचं पोरगं आठवतं; निफाडच्या मळ्यात ‘मणी टपोरी झालेत’ म्हटलं की बागाइतदाराचा चेहरा फुलतो. मोती टपोरे, डोळे टपोरे, द्राक्षं टपोरी.

आता ‘भो’.

संस्कृत ‘भोः’ची गोष्ट मोहात पाडते. गंगेवर, म्हणजे आपण नाशिककर गोदावरीला ज्या नावानं हाक मारतो त्या गंगेवर, रामकुंडापाशी पिढ्यान्‌पिढ्या मंत्र म्हटले गेले. तिथला ‘भोः’ पायऱ्या चढून बाजारात आला असं म्हणायला फार बरं वाटतं. मीही एका कार्यक्रमात हेच सांगितलं होतं, आणि ठासून सांगितलं होतं. कार्यक्रम संपल्यावर पिंपळगावकडचे एक शेतकरी जवळ आले. म्हणाले, “ताई, आमच्या वडलांचं नाव सातबाऱ्यावर दादाभाऊ आहे. गावात सगळे दादाभो म्हणायचे. मग त्यांच्या नावातला भो कुठला?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी शब्द समजावून सांगितला होता, पण ऐकला नव्हता. त्यानंतर वर्षभर मी फक्त ऐकलं आणि लिहून घेतलं.

जे सापडलं ते असं. दादाभो, अण्णाभो, आबाभो ही नावं नाशिक-खानदेशात घरोघरी आहेत आणि कागदावर ती दादाभाऊ, अण्णाभाऊ, आबाभाऊ अशीच असतात. मधला टप्पा ‘भौ’ हाही जिवंत आहे. पुष्कळ जण लिहितानासुद्धा ‘भौ’च लिहितात. भाऊ, भौ, भो. सगळ्या पायऱ्या जागेवर आहेत, एकही गाळलेली नाही. दुसरं, जागा बघा. संस्कृतातला ‘भोः’ बहुतेक हाकेच्या आधी येतो: भो राजन्. आपला ‘भो’ वाक्याच्या शेवटी येतो: चल ना भो, काय भो, नाही ना भो. मराठीत ही जागा नात्याच्या शब्दांची आहे. ‘नको गं बाबा’ असं एक बाई दुसरीला सहज म्हणते. तिथं कुणाचाही बाप नसतो. ‘बाबा’ झिजून नुसता आपलेपणा उरला. ‘भो’चंही तेच झालं, म्हणून कॉलेजातल्या मुली एकमेकींना बेधडक ‘भो’ म्हणतात आणि कुणाला खटकत नाही. तिसरं, वापराचा नकाशा. हा शब्द दाट ऐकू येतो तो जळगाव-धुळ्याकडे, मालेगाव-सटाण्याकडे, कांद्याच्या खळ्यावर आणि एसटीच्या मागच्या बाकावर. वैदिकांच्या गल्लीतून पसरला असता तर हा नकाशा वेगळा निघाला असता. माझ्या मते ‘भो’ हा ‘भाऊ’च आहे.

तुमच्या ऑफिसातले हसतात, त्यांना त्यांचा ‘राव’ आठवून द्या. ‘काय राव’, ‘चला राव’. राजा, राय, राव अशा वाटेनं आलेली ती पदवी. पुण्यात ती झिजून सगळ्यांची झाली, तसा आपल्याकडे भाऊ झिजून सगळ्यांचा झाला. दोन्ही एकाच घडणीचे शब्द आहेत. तुमचा शब्द बदलू नका.

राडा आणि झोल मुंबईनं गाजवले, पण जन्म मुंबईचा नाही. राड म्हणजे चिखल. खेड्यात पावसाळ्यात आजही म्हणतात, ‘वाटेनं नुसता राडा झालाय.’ पोरानं घरभर पाणी सांडलं तरी ‘काय राडा करून ठेवलास’. मारामारीचा राडा हा त्याच चिखलाचा पुढचा अर्थ: सगळं एकमेकांत कालवलेलं, कोण कुठं ते कळेनासं झालेलं. झोलही तसाच. मांडवाचं कापड ताणून बांधलं नाही तर मध्ये खाली लोंबतं, तो झोल. विजेच्या तारेला झोल, दोरीला झोल, शिंप्यानं नीट बेतला नाही तर सदऱ्याला खांद्यावर झोल. जे ताठ हवं ते सैल सुटलंय, आणि त्या सैलपणात काहीतरी लपू शकतं. हिशेबातला झोल म्हणजे नेमकं हेच. हिंदीतही हा शब्द आहे आणि तिथंही आधीचा अर्थ कापडाचा सैलपणा असाच. मग तो कुणाचा, हा वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

राडा आणि नाशिकची रहाड हे एकाच कुळातले, असं मात्र नुसत्या आवाजावरून मी म्हणणार नाही. रहाड काय ते नाशिकबाहेरच्यांना ठाऊक नसतं, म्हणून सांगते. जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनचे दगडी बांधणीचे चौकोनी हौद रस्त्याच्या पोटात आहेत. वर्षभर ते फळ्या आणि मातीखाली झाकलेले असतात, वरून रहदारी चालू असते. रंगपंचमी आली की उकरायचे, पूजा करायची, उकळून केलेला रंग त्यात भरायचा. शनि चौकातली रहाड, तिवंध्याची रहाड, तांबट लेनची रहाड अशी नावं घेतली जातात. काठावरून त्यात अंग झोकून द्यायचं आणि काठावरच्यांना भिजवायचं, त्या उडीला म्हणतात ‘धप्पा’. लपाछपीत मागून येऊन राज्य असलेल्याच्या पाठीवर मारतात तोही धप्पाच. दोन्हीकडे शब्द आवाजातून आला आहे: धप्. असे आवाजावरून घडलेले शब्द मराठीत ढिगानं आहेत आणि त्यांना संस्कृत आजोबा शोधत बसायची गरज नसते. नाशिकचा माणूस ‘मी तीन धप्पे मारले’ म्हणतो तेव्हा त्याला फक्त रंगपंचमीच्या दिवशी अर्थ असतो, आणि त्या एका दिवसासाठी हा शब्द वर्षभर जपला जातो. मला तो फार आवडतो.

भंगारचं थोडक्यात. भंग म्हणजे मोडणं, त्यातून मोडीत निघालेलं ते भंगार. अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारामुळे नाशिककरांच्या तोंडात तो पक्का बसला. गंमत अशी की जुन्या मराठीत ‘भांगार’ म्हणजे सोनं, आणि कोकणीत आजही सोन्याला भांगार म्हणतात. एका कान्याच्या अंतरावर सोनं आणि मोड! यांचं नातं जोडायला जो तो धावतो, पण सोन्याचा भांगार संस्कृत ‘भृंगार’कडून येतो, मोडीचा भंगार ‘भंग’कडून. शब्द सारखे दिसतात म्हणून ते नातलग ठरत नाहीत. ‘बदमाश’ मात्र सरळ फोडता येतो: बद म्हणजे वाईट, मआश म्हणजे उपजीविका, वाईट मार्गानं पोट भरणारा. ‘बेकार’ म्हणजे काम नसलेला. आता पोरं ‘बेक्कार भारी’ म्हणतात तेव्हा त्यातलं काम आणि बेकारी दोन्ही गेली, नुसता जोर उरला.

बाजारात शिरलं की शब्द हावऱ्यासारखे गोळा होतात. लासलगावला सकाळी एकदा उभ्या राहा. ट्रॅक्टर रांगेत लागलेले, व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन दाबून बघतोय, मागे पुकारा चाललाय. कांदा तीन प्रकारचा: पोळ, रांगडा आणि उन्हाळ, ज्याच्या त्याच्या हंगामावरून. मोठा माल बाजूला काढला की लहान ती गोल्टी, त्याहून बारीक ती चिंगळी. ‘गोल्टी’ हा शब्द शहरातल्या शिकलेल्या घरात कुणी वापरत नाही, पण कांद्याच्या पट्ट्यात बाया निवडायला बसल्या की तोच चालतो, आणि दुसरा शब्द तिथं चालणारही नाही. आणि ज्या व्यवहारासाठी हे सगळं चाललंय तो ‘लिलाव’, तो आहे पोर्तुगीज! मूळ शब्द ‘लेलांव’सारखा, शेवटचा स्वर नाकातून. जुन्या मराठीत म्हणूनच ‘लिलांव’ असं अनुस्वार देऊन लिहीत. तो अनुस्वार म्हणजे पोर्तुगीज नाकातल्या उच्चाराची खूण. पावाचंही तसंच, जुन्या लिखाणात ‘पांव’. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीजांची सत्ता सरली, पण लिलाव, पगार, चावी, घमेलं, परात, पिंप हे शब्द इथंच राहिले. निफाडचा शेतकरी लिलावात माल विकून मजुरांचा पगार देतो आणि त्याच्या डोक्यात पोर्तुगालचं नावही नसतं. शब्द आपला होतो म्हणजे काय, ते इथं दिसतं.

द्राक्षाच्या मळ्यात हे आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत चाललं आहे. बागेवर दोन रोगांची धास्ती असते, भुरी आणि डावण्या. भुरी अस्सल मराठी: पानावर, मण्यावर राखेसारखा भुरा थर. आणि डावण्या? मी स्वतः दिंडोरीकडच्या एका आजोबांना विचारलं, तर म्हणाले, “आमचा जुना शब्द आहे, पहिल्यापासून डावण्याच म्हणतो.” तो इंग्रजी ‘डाउनी’ आहे. पानाच्या खाली कापसासारखी लव येते, तिच्यावरून पडलेलं नाव. कृषी अधिकाऱ्यांच्या तोंडून मळ्यात आला, ‘रावण्या’, ‘बावळ्या’सारखं पुल्लिंगी रूप घेतलं आणि ‘डावण्या पडला’, ‘डावण्यानं बाग गेली’ असा माणसासारखा वावरू लागला. त्याच्यावर मारायचा तो ‘बोर्डो’, म्हणजे मोरचूद आणि चुना. हे नाव फ्रान्समधल्या बोर्दो शहराचं. तिथल्या द्राक्षबागांत १८८५ च्या सुमारास हे मिश्रण रूढ झालं. ‘डावण्या दिसला म्हणून बोर्डो मारला’ हे वाक्य मी शुद्ध मराठी मानते. विभक्ती मराठी, क्रियापद मराठी, वाक्याचा ठेका मराठी. तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न हमखास येतो की अशा शब्दांनी भाषा बिघडते का. ज्या भाषेला परका शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे न विचारता ठरवता येतं, ती भाषा धडधाकट आहे.

काही शब्द मुद्दाम लपवण्यासाठी घडवलेले असतात, आणि त्यांचं मूळ शोधताना वेगळी तऱ्हा लागते. दुकानदार आणि दलाल यांची अशी एक सांकेतिक बोली होती, तिला नंदभाषा म्हणत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. त्या आवृत्तीत नंदभाषेतले आकडे टिपलेले आहेत. केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मालक गुमास्त्याला ‘मुळू’ म्हणाला की गुमास्त्याला भाव कळला, गिऱ्हाइकाला नाही. जनावरांच्या बाजारात हेच काम बोटांनी व्हायचं: दोघांचे हात एका रुमालाखाली, बोटं दाबून किंमत ठरायची, आजूबाजूच्यांना पत्ता नाही. अशा शब्दांना साधा अर्थ शोधू नका. कळू नये हाच त्यांचा हेतू होता.

आणि काही शब्द वापरू नयेत असे आहेत. ‘भामटा’ आपण सर्रास म्हणतो, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो रोज असतो: ‘भामट्यानं गंडवलं’. हे एका जमातीचं नाव आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून देशातल्या अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. राजपूत भामटा हे नाव महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. कायदा गेला, शब्द तसाच राहिला. शाळेच्या बाकावर या जातीचं मूल बसलेलं असतं आणि धड्यात, बातमीत, शिक्षकांच्या तोंडी त्याच्या जातीचं नाव शिवीसारखं येतं. मी माझ्या टिपणांत हा शब्द ठेवला आहे, अर्थ आणि इतिहास दोन्ही लिहिला आहे, आणि बोलण्यातून तो काढून टाकला आहे. फसवणाऱ्याला ‘ठकसेन’ म्हणा, ‘लबाड’ म्हणा. मराठीत या बाबतीत शब्दांची चणचण नाही.

तसाच एक वाक्प्रचार नाशिकच्या अंगणातला. ‘ध चा मा करणं’. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गोष्ट अशी सांगतात की राघोबादादांनी ‘धरावे’ असं लिहिलं होतं आणि आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं. गंगापूर रोडवरून जाताना लागणारी आनंदवल्ली ही याच आनंदीबाईंच्या नावाची, पूर्वीचं चौंढस. राघोबादादांचा मुक्काम तिथं असे. अक्षर बदलल्याची ही गोष्ट पुराव्यानं सिद्ध झालेली नाही. पण वाक्प्रचार इतका गोळीबंद आहे की अडीचशे वर्षं तो एका बाईवर खटला चालवतो आहे. शब्दाबरोबर येणारी गोष्ट जितकी देखणी तितकी ती जास्त तपासावी, हे मी इथून शिकले.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, शोधायचं कसं. शब्द ऐकला की सुटा लिहू नका, आख्खं वाक्य लिहा. कोण बोललं, वय काय, गाव कुठलं, घरात धंदा काय होता, तारीख. अर्थ स्वतः लावण्याआधी बोलणाऱ्यालाच विचारा: ‘हे आणखी कशाला म्हणता?’ या एका प्रश्नावर मला जेवढं मिळालं तेवढं ग्रंथालयात मिळालेलं नाही. मग कोश उघडा. मोल्सवर्थ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. त्याच्यानंतर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. त्याचे सात भाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि त्यात धंद्यांचे, बोलींचे शब्द भरपूर आहेत. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा कोश. कोशात मिळालेला अर्थ आणि तुमच्या टिपणातला अर्थ जुळला नाही तर घाबरून टिपण खोडू नका. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि आणखी चार जणांना ऐका.

आणि आजी असतील तर याच सुटीत त्यांच्याजवळ बसा. मठारणं त्या कुणाच्या तोंडून शिकल्या ते विचारा. माहेर कुठल्या गल्लीत होतं, शेजारी तांबटांची घरं होती का, घरातला हंडा-बंब कुठून घेतलेला, सगळं. घरात जुना तांब्याचा हंडा असेल तर उजेडात धरून त्याच्यावरून बोट फिरवा. मठारलेला असेल तर टिकल्या बोटाला लागतील. आजी काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत, वाक्यासकट, मला लिहून पाठवा.